साक्षीदाराच्या प्रेमात पडलेला तपास अधिकारी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. क्लबमध्ये स्त्रीवेषात कार्यक्रम करणारा एक पुरुष, म्हणजे ड्रॅग कलाकार, रंगमंचावर असताना मागच्या भिंतीपाशी झालेला खून पाहतो. तपास करणारा पोलीस अधिकारी त्याला सुरक्षित जागी ठेवतो आणि दोघं प्रेमात पडतात. खर्डा तीन जणांनी वाचला. तिघांचंही म्हणणं, प्रेम ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं आणि मधल्या शंभरेक पानांत रहस्य ढेपाळतं. तुम्ही विचारता, प्रेमाचे प्रसंग वाढवू की आणखी एक खून घालू?

दोन्ही करू नका. मी बरीच वर्षं थरारकथा लिहितो आणि इतरांच्या संपादित करतो. त्यात प्रेमकथेची जोड असलेल्या पुष्कळ आल्या, दोन पुरुषांच्या प्रेमाच्याही आल्या. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात. तुमच्या कादंबरीत एका प्रकरणात तपास आहे, पुढच्या प्रकरणात प्रेम आणि मग पुन्हा तपास. प्रेमामुळे तपासाचं काहीच बिघडत नाही. तपासासाठी प्रेमाला काही गमवावं लागत नाही. वाचकाला वाटतं की यातली कुठलीही एक गोष्ट काढून टाकली तरी दुसरी तशीच उभी राहील. ज्याला किंमत पडत नाही ते प्रेम खोटं वाटणारच.

खरं तर तुमच्या कथानकात एक सुरुंग पहिल्यापासून पेरलेला आहे, तुम्ही त्यावरून चालत गेलात आणि तो तुम्हाला दिसला नाही. तुमचा कलाकार खटल्यातला मुख्य साक्षीदार आहे. तुमचा अधिकारी त्या खटल्याचा तपास करतो आहे. चौदाव्या प्रकरणात ते एकमेकांचं चुंबन घेतात, आणि तुम्ही ते पाऊस, खिडकी आणि मंद दिव्याच्या उजेडात छान रंगवलं आहे. पण त्या क्षणी खटला मोडायला सुरुवात झालेली असते. बचाव पक्षाच्या वकिलाला एवढंच पुरेसं आहे:

"ओळख परेडमध्ये माझ्या अशिलाला ओळखायला तुम्हाला किती वेळ लागला?"

"फार नाही. लगेच ओळखलं."

"त्याच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

"पोलिसांनी दिलेल्या जागी."

"त्या जागी त्या रात्री आणखी कोण होतं?"

यानंतर वकिलाला काही बोलावं लागत नाही. साक्षीदाराने खुन्याला स्वतः ओळखलं की प्रियकराने सांगितलं म्हणून ओळखलं, ही शंका न्यायालयात एकदा पसरली की ती परत गोळा करता येत नाही.

ही काल्पनिक अडचण नाही, कायद्यात तिला आधार आहे. तुमची कथा अमेरिकेत घडते असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून तिथलं सांगतो. १९६३ सालच्या ब्रॅडी खटल्याच्या निकालाने आरोपीच्या बाजूने जाणारा पुरावा त्याच्या वकिलाला देणं सरकारी पक्षावर बंधनकारक झालं. १९७२ सालच्या जिग्लिओ निकालाने त्यात साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का लावणारी माहितीही आली. आणि १९९५ साली काइल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांना ठाऊक असलेली गोष्ट सरकारी वकिलाला ठाऊक नव्हती ही सबब चालणार नाही. म्हणजे तुमचा अधिकारी तोंड मिटून बसला तर त्याचं मौनच खटल्यातला दोष ठरतं. उद्या कथा इंग्लंडला हलवलीत तरी सुटका नाही. तिथे पोलिसाने आपल्या पदाचा लैंगिक हेतूने गैरवापर करणं हे गंभीर भ्रष्टाचारात मोडतं.

आता चौदावं प्रकरण पुन्हा वाचा. पाऊस, खिडकी, दिवा सगळं तेच राहू द्या, फक्त त्या खोलीतल्या एकाला हे माहीत असू द्या. अधिकाऱ्याला ते माहीत असणारच, तो प्रशिक्षित माणूस आहे. तो पुढे झुकतो तेव्हा आपण काय मोडतो आहोत याचा हिशोब त्याच्या डोक्यात चालू आहे, आणि तरीही तो झुकतो. वाचक इथे श्वास रोखून धरेल. पुढची प्रत्येक प्रेमळ ओळ त्याच्यासाठी पुराव्याची ओळ होईल. टेबलावर राहिलेले दोन कप, फोनमधला एक निरोप, इमारतीच्या कॅमेऱ्यात टिपली गेलेली पहाटेची वेळ, हे सगळं प्रेमही आहे आणि खटल्याचा घातही. मधली शंभर पानं मग कशी ढेपाळतील?

याच्या मागोमाग एक अवघड गोष्ट येते, आणि ती मी तुमच्या खर्ड्यातली सर्वांत गंभीर उणीव मानतो. दोघांची ताकद सारखी नाही. अधिकाऱ्याकडे बंदूक आहे, फाइल आहे, त्या घराची किल्ली आहे. कलाकार कुठे झोपेल, कुणाला फोन करेल, खिडकी उघडेल की नाही, हे तो ठरवतो. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. तुम्ही पानभर लिहिलं आहे की कलाकाराचाही होकार होता. तुमच्या मनात तो होता, यावर माझा विश्वास आहे. पण वाचकाला तो तपासून पाहता येत नाही, कारण नकार दिला असता तर काय झालं असतं हे कथेत कुठेच दिसत नाही. तिघांनाही प्रेम खोटं वाटलं त्याचं अर्धं कारण इथे आहे. त्यांना ते नीट शब्दांत सांगता आलं नसेल एवढंच.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायला हवेत. पहिला, चुंबनाच्या आधी कधीतरी कलाकाराने एका साध्या गोष्टीला ठाम नकार द्यावा आणि अधिकाऱ्याने तो पाळावा, मनाविरुद्ध, नुकसान सोसून. गोष्ट छोटी असली तरी चालेल. दुसरा, चुंबनानंतर अधिकाऱ्याने स्वतः वरिष्ठांकडे जाऊन प्रकरण सोडावं. पकडला गेला म्हणून सोडलं असं नको, स्वतःहून जाऊ दे. कादंबरीच्या बरोबर मध्यावर त्याचा बिल्ला आणि बंदूक टेबलावर गेली, खातेनिहाय चौकशी लागली, की दोन कामं एकदम होतात. साक्षीदाराचं संरक्षण आता दुसऱ्याच्या हातात गेलं, म्हणजे धोका वाढला. आणि ज्या दोघांमध्ये इतके दिवस किल्ली होती त्यांच्यात आता किल्ली उरली नाही. खरा शृंगार इथून पुढे लिहा. तो किती उघड असावा हे तुम्ही ठरवा. पण त्या रात्री कलाकाराने दार उघडावं आणि अधिकाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबून विचारावं, एवढा क्रम चुकवू नका.

आता रंगमंचाकडे येतो, कारण तिथे एक चूक आहे आणि तिच्यावर तुमचं सगळं कथानक टेकलं आहे. फॉलो स्पॉट, म्हणजे कलाकाराचा पाठलाग करणारा प्रकाशझोत, तोंडावर असताना रंगमंचावरच्या माणसाला मागची भिंत दिसत नाही. पहिली रांग दिसते, फार तर दुसरी, त्यापलीकडे काळोखाची भिंत असते. ज्याने कधी झोतात उभं राहून बोलायचा प्रयत्न केला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. तुमचा कलाकार शेवटच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या खुन्याचा चेहरा, त्याच्या भुवईवरच्या व्रणासकट पाहतो. ते शक्य नाही. कार्यक्रम केलेला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पण ही अडचण म्हणजे तुम्हाला मिळालेलं बक्षीस आहे. तो काय पाहू शकतो याचा विचार करा. हात! ड्रॅग कलाकाराला गाण्याच्या मध्ये प्रेक्षक नोटा देतात. नोट धरलेला हात काळोखातून उजेडात येतो, चेहरा मागे राहतो. रोज रात्री असे हात तो पाहतो. नोट उभी घडी करून दोन बोटांत धरणारा, चुरगाळून मुठीत देणारा, बोटं थरथरणारा, देताना हळूच मागे घेणारा. एका ड्रॅग कलाकाराने मला सांगितलं होतं की नेहमीचे प्रेक्षक त्याला रस्त्यात भेटले तर ओळखू येत नाहीत, पण हात पुढे केला की लगेच कळतं हा कोण.

मग तुमच्या खुन्याचा हात त्या रात्री उजेडात येऊ द्या. अंगठ्याचं नख मुळापासून काळं पडलेलं, त्याच्या शेजारी ताजा ओरखडा. खून दहा मिनिटांनी होतो, मागच्या अंगणात, कुणालाच दिसत नाही. पोलिसांना चेहरा हवा असतो आणि कलाकाराकडे फक्त हात आहे. ओळख परेडमध्ये समोर सहा चेहरे उभे करतात, तो म्हणतो, "यांना हात पुढे करायला सांगा," आणि खोलीतले पोलीस हसतात. एक जण हसत नाही. प्रेमाची सुरुवात इथे झाली तर ती मला पटेल. त्याच्या सौंदर्यावर भाळण्याआधी अधिकारी त्याच्या कामातल्या नजरेवर विश्वास ठेवतो.

आणि पुढे कधीतरी, वेगळ्या अधिकाऱ्याकडे संरक्षण गेल्यावर, जबाबाच्या कागदावर सही घ्यायला आलेला पोलीस पेन पुढे करतो, आणि तेच नख समोर येतं. सहकारी पोलीसच खुनी निघणं जुनं झालं आहे, वाचक ते ओळखतो. म्हणून ते शेवटी उघड करण्यासाठी राखून ठेवू नका. मध्यावरच वाचकाला सांगून टाका. खुनी कोण, या प्रश्नापेक्षा कलाकार हे कुणाला सांगणार आणि त्याचा प्रियकर आपल्या दहा वर्षांच्या सहकारी पोलिसाविरुद्ध कलाकाराच्या शब्दावर विश्वास ठेवणार का, हा प्रश्न कितीतरी जास्त छळणारा आहे.

रंगपटाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या खर्ड्यात कलाकार "झटपट मेकअप करून" तयार होतो. झटपट काही होत नाही, पूर्ण तयारीला दोन-तीन तास सहज लागतात. मी एका संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहिलं. आधी दाढी अगदी तळापर्यंत. मग भुवया. शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असते तशी गोंदाची कांडी भुवयांवर फिरवायची, केस कपाळाला चपटे बसवायचे, वाळू द्यायचं, पुन्हा थर, पुन्हा वाळू द्यायचं, वर पावडर दाबायची. भुवया नाहीशा होतात आणि काही मिनिटं चेहऱ्यावर काहीच भाव उरत नाही. मग दाढीची निळसर झाक मारायला नारिंगी रंग, त्यावर फाउंडेशन, गालाखाली उठाव आणणारा गडद काँटूर, आणि खऱ्या भुवईच्या कितीतरी वर नवी भुवई. शरीराकडे वळलं की स्पंजाचं पॅडिंग, त्यावर टाइट्सच्या एकावर एक जोड्या, कंबर आवळणारं कॉर्सेट, शेवटी विग आणि नखं. नखं लावल्यावर त्याने मला कानातलं अडकवून द्यायला सांगितलं, कारण त्याला ते आता स्वतः जमणार नव्हतं.

या प्रत्येक गोष्टीत थरार दडलेला आहे आणि तुम्ही तो वापरलेला नाही. कॉर्सेट घातलेला माणूस खोल श्वास घेऊ शकत नाही, म्हणजे जिन्याचे दोन मजले त्याला भारी पडतात. तुमच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात तो उंच टाचांवर चार मजले पळत चढतो आणि वर जाऊन सलग संवाद बोलतो. चेहरा पाहून उघडणारा फोन त्या मेकअपमध्ये उघडेलच असं नाही, आणि लांब नखांनी आकडे दाबताना बोटाचं पेर आडवं करावं लागतं, तरी चुकतं. खुनी जिन्यात आहे, फोन तिसऱ्यांदा चेहरा नाकारतो, नख काचेवर घसरतं. या एका परिच्छेदासाठी मी तुमचा पाठलागाचा अख्खा प्रसंग द्यायला तयार आहे.

त्याच टेबलावरची चकाकी, म्हणजे ग्लिटर, विसरू नका. फ्रान्समधल्या लिआँ शहरात १९१० साली पोलीस प्रयोगशाळा उभी करणाऱ्या एडमंड लोकारचं तत्त्व तपासाच्या जगात सगळ्यांना ठाऊक असतं: दोन गोष्टी एकमेकींना स्पर्शल्या की प्रत्येकीचं काहीतरी दुसरीवर राहतं. ग्लिटर म्हणजे या तत्त्वाचा मूर्तिमंत नमुना. प्लास्टिकच्या पातळ पदरांचे बारीक, बहुतेकदा षट्कोनी तुकडे असतात. रंग, आकार, जाडी, पदरांची रचना यांवरून एक प्रकार दुसऱ्यापासून वेगळा करता येतो, आणि ते कपड्याला चिकटतात पण माणसाला कळत नाही. म्हणून न्यायवैद्यक तपासनीस त्याला फार चांगला सूक्ष्म पुरावा मानतात. तुमच्या कथेत खुन्याच्या बाहीवर तो तुकडा सापडायला हवा, हे उघड आहे. पण तोच तुकडा अधिकाऱ्याच्या जॅकेटच्या शिवणीतही सापडू द्या, त्याच प्रयोगशाळेत, त्याच अहवालात, पुढच्याच ओळीत. ज्या पुराव्याने खुनी अडकतो त्याच पुराव्याने प्रेम उघडं पडतं. अहवाल वाचणाऱ्या सरकारी वकील बाईंच्या तोंडी एकच वाक्य द्या: "दुसऱ्या नमुन्याचं काय करायचं ते तुम्ही सांगताय की मी सांगू?"

कलाकार पोलिसाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळा होतो, तेही मला खटकलं. या दोन जगांमध्ये दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यात १८४५ साली चेहरा रंगवून किंवा झाकून सार्वजनिक ठिकाणी वावरण्याविरुद्ध कायदा झाला. तो मुळात वेष पालटून जमीनदारांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांसाठी होता, पण पुढच्या शतकात तो स्त्रीवेष केलेल्या पुरुषांवर वापरला गेला. वॉशिंग्टनमध्ये १२ एप्रिल १८८८ च्या रात्री पोलिसांनी विल्यम डॉर्सी स्वान याने भरवलेल्या, स्त्रीवेषातल्या पुरुषांच्या नाचाच्या मेळाव्यावर धाड घातली. स्वान गुलामीत जन्मलेला माणूस, आणि तो त्या रात्री पोलिसांना आडवा गेला. १८९६ साली त्याला कुंटणखाना चालवल्याच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्याने थेट राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फसवण्याच्या हेतूने स्त्रीवेष केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ड्रॅग कलाकार होसे सारिया यांनी 'मी मुलगा आहे' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या कपड्यांवर लावायला वाटल्या. फसवत नाही, हे तर लिहूनच दिलं आहे! त्याच शहरात ऑगस्ट १९६६ मध्ये कॉम्प्टन्स कॅफेटेरियात एका पोलिसाच्या तोंडावर कॉफी फेकली गेली आणि दंगल झाली. २८ जून १९६९ ची स्टोनवॉलची पहाट, न्यूयॉर्कच्या त्या समलिंगी बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटले ती, तुम्हाला माहीत असेलच. अंगावर आपल्या लिंगाचे किमान तीन कपडे हवेत नाहीतर अटक, हा नियम त्या काळातल्या कितीतरी जणांच्या आठवणीत आहे. तसा लिहिलेला कायदा मात्र अभ्यासकांना सापडलेला नाही. भीतीला कलम लागत नाही, हे लेखक म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तुमच्या कलाकाराने हे सगळं बोलून दाखवू नये. त्याला हे ज्येष्ठ कलाकारांकडून मिळालं आहे, हाडात आहे. पोलीस दारात आला की तो आधी हात दिसतील असे ठेवतो आणि मग बोलतो, एवढं पुरे.

अधिकाऱ्याची बाजूही इतकीच भरीव हवी. न्यूयॉर्क पोलीस दलातले सार्जंट चार्ल्स कॉक्रेन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये नगर परिषदेसमोर उभं राहून आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. पुढच्या वर्षी समलिंगी पोलिसांची संघटना उभी राहिली. २०१९ च्या जूनमध्ये तिथल्या पोलीस आयुक्तांनी स्टोनवॉलच्या कारवाईबद्दल माफी मागितली. आणि २०२१ मध्ये तिथल्या प्राइडच्या, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या वार्षिक संचलनाच्या, संयोजकांनी गणवेशातल्या पोलिसांच्या पथकांना संचलनात येऊ न देण्याचा निर्णय जाहीर केला. असा अधिकारी दोन्ही घरांत अर्धा परका असतो. ठाण्यात त्याच्या लॉकरवर काहीतरी चिकटवलेलं असतं आणि क्लबमध्ये तो शिरला की गप्पा थांबतात. तुम्ही त्याला "कणखर पण आतून हळवा" असं दोनदा म्हटलं आहे. ते काढून टाका आणि त्याऐवजी क्लबच्या दारात तो बिल्ला खिशात ठेवू की बाहेर राहू देऊ, हे ठरवताना थांबलेला दाखवा.

कथा कोणत्या वर्षी घडते हे पहिल्या पन्नास पानांत नक्की कळू द्या. धोक्याचं स्वरूप त्यावर ठरतं. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होता तेव्हा, म्हणजे इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ च्या आधी, अमेरिकेच्या काही राज्यांत २००३ च्या लॉरेन्स निकालाच्या आधी, भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या आधी, दोघांपैकी कुणालाही धमकावायला त्यांचं नातंच पुरतं. त्यानंतर तेवढ्याने भागत नाही. तुमची कथा आजची आहे आणि तरी तुमचा खलनायक "तुमचं नातं जगाला सांगेन" एवढ्यावर ब्लॅकमेल करतो. आज त्याने सरकारी वकिलाला सांगेन म्हणायला हवं.

आता भाषेचं. इथे मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात जे आहे ते इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही. इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम झालं. आपल्याकडे बरीच क्रियापदं, अर्धी विशेषणं लिंग बोलून दाखवतात. तुमच्या खर्ड्यात कलाकार कधी "वळला" आहे तर कधी "वळली", एकाच परिच्छेदात, आणि त्यामागे काही ठरवलेलं दिसत नाही. ते ठरवा. रंगपटात सहकारी त्याला "अगं, विग सरकलाय तुझा" म्हणतील आणि त्यात आपुलकी असेल. तो स्वतः रंगमंचावर "मी आले" म्हणेल आणि घरी "मी आलो". ड्रॅग हे त्याचं काम आहे, कला आहे. तो स्वतःला पुरुष मानतो, पुरुषावर प्रेम करतो. ट्रान्स स्त्रीची, म्हणजे जन्मतः पुरुष ठरवली गेलेली पण स्वतः स्त्री असलेल्या व्यक्तीची, गोष्ट वेगळी, काही ट्रान्स स्त्रियाही ड्रॅग करतात हे खरं, पण तुमच्या पात्राच्या बाबतीत हे दोन धागे तुम्ही नकळत एकत्र केले आहेत.

ठाण्यात एक हवालदार आत येऊन सांगतो, "साहेब, ते आलंय बाहेर." नपुंसकलिंगातला तो 'आलंय' म्हणजे शिवी आहे, आणि ती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पहिल्यांदा अधिकारी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. वीस पानांनी तोच हवालदार तेच म्हणतो, तेव्हा अधिकारी कागदावरून मान वर न करता म्हणतो, "ते आलेत, म्हण." सर्वनाम तेच राहिलं, फक्त क्रियापद बदललं. तुमच्या तीन पानांच्या प्रेमपत्रापेक्षा हे मला जास्त पटतं.

रहस्यालाही याचा उपयोग करा. तुमच्या धमकीच्या निरोपात लिहिलं आहे, "मी तुला पाहत आहे." त्याऐवजी निरोप असा येऊ द्या: "काल फार उशिरा घरी गेलास." क्लबमधल्या प्रेक्षकाला ठाऊक असते ती फक्त रंगमंचावरची 'ती'. त्याने "गेलीस" लिहिलं असतं. ज्याने "गेलास" लिहिलं त्याने त्याला मेकअप उतरलेला, साध्या शर्टात पाहिलं आहे. म्हणजे तो रंगपटापर्यंत पोचलेला आहे, किंवा ठाण्यात बसलेला आहे. 'ली'च्या जागी 'ला', एवढं एक अक्षर हाच सुगावा. अधिकारी तो निरोप दहा वेळा वाचतो आणि त्याला काही दिसत नाही, कलाकाराला पहिल्याच वाचनात दिसतं, कारण आपल्याला कोण कोणत्या लिंगात हाक मारतं याकडे त्याचं आयुष्यभर लक्ष आहे.

'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं तेही जपून. तुमच्याकडे ते चुंबनानंतर आपोआप होतं. माझं मत असं की प्रकरण हातात आहे तोवर अधिकाऱ्याने 'तुम्ही' सोडू नये, चुंबनाच्या रात्रीही नाही. बिल्ला टेबलावर ठेवून आल्यावर, उंबऱ्याबाहेर उभं राहून, पहिल्यांदा "आत येऊ का? तू सांग," असं म्हणू दे.

काही गोष्टी काढून टाका, कारणं तुम्हाला समजतील. मेकअप उतरवल्यावर "आता खरा चेहरा दिसला" हे वाक्य नको. तो मेकअप त्याने दोन तास खपून घडवला आहे, तोही त्याचाच चेहरा. गणवेशही एक वेषच, असं अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेलं भाषण नको. संशयित म्हणून तुम्ही मध्येच आणलेला स्त्रीवेषातला माथेफिरू तर अजिबात नको, त्या एका प्रतिमेने या माणसांचं आधीच फार नुकसान केलं आहे. आणि शेवटी कलाकाराला मारू नका. तुम्ही एका पर्यायी शेवटात तो मारला आहे आणि त्याला "वास्तववादी" म्हटलं आहे. प्रेमकथा म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्याला तुम्ही पहिल्या पानावर एक शब्द दिलेला असतो की हे दोघं एकत्र राहतील. कसे, किती सोसून, हे तुमच्या हातात. शब्द मोडणं तुमच्या हातात नाही. अशा माणसांच्या गोष्टी मरणानेच संपवायची सवय फार जुनी आहे.

क्रम मात्र सांभाळा. आधी खटला संपू द्या, आणि तो पूर्ण जिंकू देऊ नका. कलाकाराची साक्ष बचाव पक्ष फोडतो, ते अटळ आहे, ती किंमत दोघांनी मिळून दिली आहे. खुनी अडकतो तो प्रयोगशाळेच्या अहवालावर आणि स्वतःच्या निरोपातल्या त्या एका अक्षरावर. अधिकाऱ्याची नोकरी राहते की जाते, ते मी तुमच्यावर सोडतो. मला वाटतं जावी. मग काही महिने जाऊ द्या. कलाकार पुन्हा रंगमंचावर, झोत तोंडावर, पहिल्या रांगेपलीकडे काळोख. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक हात उजेडात येतो, नोट उलटी धरलेली, कारण या माणसाला नोट कशी द्यायची ते अजून जमत नाही. चेहरा दिसत नाही. तो हात ओळखतो आणि एक ओळ चुकतो.

हे पान आधी लिहून ठेवा आणि मग चौदाव्या प्रकरणापासून सुरुवात करा. मागच्या भिंतीपाशी होणारा खून त्याच दिवशी पुसून टाका, म्हणजे परत त्याच्याकडे वळायचा मोह होणार नाही.